परदेशातल्या सांस्कृतिक ग्रुप टूरला जावं का? आधी मेहमान व्हायची तयारी तपासा

उमराहच्या जाहिराती येणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेल्या काही वर्षांत एक नवी ओळ दिसू लागली आहे. मक्का-मदिनेच्या पॅकेजखाली लिहिलेलं असतं, ‘सोबत तुर्की’. कधी वेगळंच पोस्टर येतं: ताश्कंद, समरकंद, बुखारा, सात-आठ दिवस. आणि खाली बारीक अक्षरांत, ‘स्थानिक कुटुंबात जेवण, कारागिरांसोबत एक दिवस, तिथली संस्कृती जगा.’

आमच्या माळेगाव बुद्रुकमध्येही ही पोस्टरं पोचली आहेत. (हे बारामती तालुक्यातलं, साखर कारखान्याचं माळेगाव. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव वेगळं. बाहेरगावी नाव सांगितलं की आम्हाला हा खुलासा रोजच करावा लागतो.) शाळेत शिकवत असल्यामुळे आणि उर्दू-मराठी दोन्ही वाचत असल्यामुळे लोक ती पोस्टरं आम्हाला आणून दाखवतात. निवृत्तीचे पैसे हातात आलेले सहकारी असतात, उसाचं बिल जमा झालेले शेतकरी असतात, मुलगा आखातात कमावतो म्हणून ‘एकदा दुनिया बघून येऊ’ म्हणणाऱ्या खाला असतात. प्रश्न बहुतेक एकच, “कसं वाटतं? जावं का?”

खर्च किती, व्हिसा मिळेल का, हे प्रश्न सोपे आहेत. त्यांची उत्तरं कंपनी देते. पण ही टूर आपल्या स्वभावाला, शरीराला आणि घराला मानवेल का, याचं उत्तर कंपनी देणार नाही. तिला सीट भरायची आहे. ते उत्तर आपणच शोधायचं असतं, आणि पैसे भरायच्या आधी शोधायचं असतं. अनेकांसाठी ही आयुष्यातली उमराहनंतरची एकमेव परदेशवारी असेल. ती चुकीची निवडली तर दुसरी संधी नाही.

टूर दोन प्रकारच्या

महाराष्ट्राला ग्रुप टूर नवी नाही. केसरी टूर्स १९८४ मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये. अशा कंपन्यांनी मराठी घरांना परदेश दाखवला तो एका साध्या हिशेबाने: घर सोबत न्यायचं. टूर मॅनेजर मराठी बोलणारा, जेवण आपल्या चवीचं, बसमध्ये गाणी. बाहेरचं जग खिडकीतून आणि ठरलेल्या ठिकाणी उतरून बघायचं. यात कमीपणाचं काहीच नाही. पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्या साठ वर्षांच्या माणसाला असा आधार लागतोच.

दुसऱ्या प्रकारची टूर याच्या उलट चालते. ती म्हणते, घर काही दिवस मागे ठेवा. तिथलं जेवण जेवा, तिथल्या माणसाच्या अंगणात बसा, कुंभाराच्या चाकाला हात लावून बघा, एखादी रात्र खेड्यात काढा. ग्रुप लहान असतो, ठिकाणं कमी असतात, एका गावात दोन-तीन दिवस जातात. ‘तिथली संस्कृती जगा’ म्हणतात ते याला.

घोटाळा कुठे होतो? पोस्टर दुसऱ्या टूरचं असतं आणि आत टूर पहिली निघते. किंवा त्याउलट: माणसाला हवी असते पहिली आणि तो पैसे भरतो दुसरीचे. मग तिसऱ्या दिवशी “साधी डाळ-रोटी पण मिळत नाही का?” अशी कुरकुर सुरू होते. म्हणून पहिला प्रश्न हाच: आपल्याला बघायला जायचंय की राहायला?

आपण यजमान असतो तेव्हा

हे समजून घ्यायला परदेशात जायची गरज नाही. आपल्याच तालुक्यात पळशीवाडीला कृषी पर्यटन केंद्र आहे. पुण्या-मुंबईची मंडळी येतात, बैलगाडीत बसतात, चुलीवरची भाकरी खातात, शेतातून फिरतात. म्हणजे त्यांच्यासाठी आपण ‘तिथली संस्कृती’ आहोत!

आता विचार करा, त्यांना आपलं सगळं जगणं दिसतं का? बैलगाडी दिसते. सोसायटीचं कर्ज दिसत नाही. उभा ऊस हिरवागार दिसतो. तोडणीची पाळी लांबल्यामुळे त्याचं वजन घटतंय ही शेतकऱ्याची काळजी दिसत नाही. त्यात फसवणूक नाही. पाहुण्याला आपणही बाहेरच्या खोलीतच बसवतो.

आणखी एक उदाहरण आषाढाचं. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे जाते. बेलवाडीच्या गोल रिंगणाला कॅमेरे घेऊन आलेली माणसंही असतात आणि देहूपासून पायी आलेला वारकरीही असतो. दोघंही एकाच रिंगणाला उभे असतात. पण वारकऱ्याने वाटेत पाऊस अंगावर घेतला आहे, दिंडीत मिळेल ते खाल्लं आहे, अनोळखी माणसाशेजारी झोपला आहे. कॅमेरेवाला संध्याकाळी गाडीने घरी जातो. दोघांचा आनंद खरा आहे, फक्त त्याची किंमत दोघांनी वेगवेगळी मोजली आहे.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, टूरवर जे दिसतं ते यजमानाने दाखवायचं ठरवलेलं असतं, एवढी समज ठेवून जावं. आठ दिवसांत कोणी कुठली संस्कृती ‘जगत’ नाही. फार तर तिच्या ओसरीवर बसून येतो. आणि दुसरी, कोणता पाहुणा आवडतो हे आपल्याला चांगलं माहीत आहे. विचारून फोटो काढणारा, पुढे केलेला घास न हिणवता घेणारा, “आमच्याकडे असं नसतं बाबा” हे वाक्य दर दहा मिनिटांनी न म्हणणारा. मग आपण तिथे गेल्यावर असा पाहुणा होऊ का? आमच्या मते या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मा निर्णय आहे.

उदाहरणादाखल उझबेकिस्तान

पोस्टरवरचंच ठिकाण घेऊ. समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन मदरसे समोरासमोर उभे आहेत. उलुगबेगचा मदरसा १४१७ ते १४२० मधला, बाकीचे दोन सतराव्या शतकातले. उलुगबेग राजा होता आणि खगोलशास्त्रज्ञही. त्याने वेधशाळा बांधली आणि हजाराहून अधिक ताऱ्यांची नोंद करून घेतली. समरकंदजवळ इमाम बुखारींची मजार आहे. बुखाऱ्यात ११२७ मधला कल्याण मिनार आहे, आणि शहराबाहेर नक्शबंदी सिलसिल्याचे बहाउद्दीन नक्शबंद यांची दर्गाह.

हे झालं बघायचं. राहायला जाणाऱ्यासाठी तिथे याहून जास्त काही आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्या ओळखीचं आहे. उझबेक भाषा तुर्की कुळातली, पण तिच्यात फारसी-अरबी शब्द ठासून भरलेत. बाजाराला बोझोर, शहराला शाहार, पुस्तकाला कितोब, शाळेला मकतब, रोटीला नोन. वहीला दफ्तार म्हणतात. आपली मुलं तेच दफ्तर पाठीला लावून शाळेत येतात. आभार मानायचे तर ‘रहमत’. पाहुणा म्हणजे मेहमोन आणि हॉटेल म्हणजे मेहमोनखोना. उर्दू येणाऱ्याला, आणि मराठी येणाऱ्यालाही, पहिल्याच दिवशी दहा-वीस शब्द फुकट मिळतात. उलट, त्या भाषेची लिपी गेल्या शतकात अरबीवरून लॅटिन, लॅटिनवरून सिरिलिक आणि १९९३ नंतर पुन्हा लॅटिन अशी बदलत गेली. त्यामुळे मदरशाच्या भिंतीवरची अक्षरं आपली उर्दू शाळेतली मुलं जेवढी ओळखतील तेवढी तिथली अनेक मुलं ओळखणार नाहीत.

आणि नातं एकाच बाजूने नाही. छत्रपती संभाजीनगर म्हणजे औरंगाबादच्या पाणचक्कीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे. नक्शबंदी सूफी, चालत-फिरत दख्खनला आले आणि इथेच राहिले. डोंगराकडून जमिनीखालच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर तिथलं जातं फिरायचं आणि खानकाहमध्ये उतरणाऱ्या मुसाफिरांसाठी पीठ दळलं जायचं. आज गिजदुवान तिथल्या मातीच्या रंगीत भांड्यांसाठी ओळखलं जातं आणि टूरवाले तिथे कुंभारकाम दाखवायला नेतात. पाणचक्की आधी बघितलेला माणूस गिजदुवानला उतरला तर त्याचं बघणं वेगळं असेल.

मात्र ओळखीचं आहे म्हणून आपल्यासारखंच असेल, असं धरून जाऊ नका. देश बहुसंख्य मुस्लिम आहे, पण सत्तर वर्षं सोव्हिएत राजवटीत काढलेला आहे. बहुतेक शहरी बायका आपल्यासारखा पर्दा करत नाहीत, दारू दुकानांत मिळते, अनेक घरांत रशियन बोलली जाते. मजारीवर हात वर करून दुआ मागणारी आजीही तिथेच भेटते. “हे कसले मुसलमान?” असं मनात येत असेल तर टूरपेक्षा घर बरं. आपण तिथे पाहुणे म्हणून जातो, परीक्षक म्हणून नाही. आपल्याकडेही कोकणातला शाफई भाऊ आणि देशावरचा हनफी भाऊ नमाजमध्ये हात वेगळ्या जागी बांधतात, म्हणून कोणी कोणाची मस्जिद सोडत नाही.

पाच गोष्टींत स्वतःला तपासा

*जेवण.* उझबेक पुलाव मोठ्या ताटात येतो, अनेकदा सगळ्यांनी मिळून खायचा. मेंढीची चरबी, गाजर, भरपूर तेल, तिखट जवळजवळ नाही. त्यावर कधी घोड्याच्या मांसाचे काप असतात. ते ‘काझी’ नावाने ओळखले जातात. खायचे की नाही ते आपण ठरवावं, पण विचारून घ्यावं. आठ दिवस ठेचा-भाकरीविना निघतील का? ‘दोन दिवस निघतील’ असं उत्तर असेल तर पहिल्या प्रकारची टूर घ्या. चहाचीही रीत आहे. पियाला अर्धाच भरून देतात, कारण थोडा चहा म्हणजे पाहुण्याने पुन्हा-पुन्हा मागावा, बसून राहावं. आपल्याकडे अर्धा कप पुढे ठेवला तर पाहुणा नाराज होईल. तिथे भरलेला पियाला म्हणजे ‘आता निघा’ असा अर्थ निघू शकतो!

*शरीर.* जमिनीवर गादी टाकून बसणं, जुन्या शहरांतल्या उंच पायऱ्या, दगडी फरसबंदीवर रोज चार-पाच किलोमीटर चालणं. नुराता डोंगरातल्या खेड्यांत गावकऱ्यांच्या घरी राहायची सोय आहे. सुंदर जागा, पण तिथे शहरातल्या हॉटेलसारख्या सोयी मागू नयेत. शौचालयात पाण्याची सोय सगळीकडे असेलच असं नाही, बाटली जवळ ठेवावी. गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं, इन्सुलिन घ्यावं लागतं, या गोष्टी लाजेच्या नाहीत. त्या बुकिंगआधी सांगायच्या असतात. जुलैमध्ये तिथे पारा चाळिशीला जातो आणि हिवाळ्यात बर्फ पडतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. ऊसवाल्यांना गाळप सुरू व्हायच्या आधीचे सप्टेंबर-ऑक्टोबर सोयीचे, शिक्षकांना मे महिना.

*इबादत.* सफरमध्ये कसरची सवलत आहे. तिचे मसाइल निघण्याआधी आपल्या मौलानांकडून नीट समजून घ्या, म्हणजे बसमध्ये वाद होणार नाहीत. सामान्य टूर कंपनीसोबत जात असाल तर नमाजसाठी थांबणार का, हे आधी विचारा. ग्रुपमध्ये एकालाच थांबायचं असेल तर दर वेळी चाळीस माणसं बसमध्ये बसून त्याची वाट बघतात, आणि त्या नजरा सोप्या नसतात.

*एकांत.* काही माणसांना संध्याकाळी तासभर कोणी बोललं नाही तरच बरं वाटतं. ग्रुप टूरमध्ये तो तास मिळत नाही. खोली अनोळखी माणसासोबत वाटून घ्यावी लागू शकते. एकट्या जाणाऱ्या बायकांनी हे आधीच स्पष्ट करून घ्यावं: खोलीत कोण, आणि वेगळी खोली हवी असेल तर वरचे पैसे किती.

*घर.* आठ-दहा दिवस मागे कोण आहे? म्हातारे सासरे, दुभती गाय, दहावीतली मुलगी. ज्या घरात सगळा कारभार एकट्या अम्मीच्या हातावर चालतो, तिथे अम्मीला “तू पण चल” म्हणणं सोपं असतं. ती गेल्यावर चूल कोण पेटवणार हे ठरवणं अवघड असतं. ते ठरलं नाही तर ती रेगिस्तानमध्ये उभी राहून घरी फोन लावत बसेल.

उमराहचा अनुभव पुरत नाही

“आम्ही उमराहला पंधरा दिवस ग्रुपमध्येच होतो की!” असं बरेच जण म्हणतात. अनुभव मोलाचा आहे, पण दोन सफर सारख्या नाहीत. उमराहमध्ये सगळ्यांची नियत एक असते. गर्दी, उशीर, बेचव जेवण, पायाला फोड, हे सगळं माणूस सब्र म्हणून सोसतो, कारण त्याचा सवाब आहे असं तो मानतो. जाऊन आलेल्यांना विचारा, तक्रारी असतात पण त्या सांगताना ते हसतात.

सांस्कृतिक टूरमध्ये ही एक नियत नसते. एकाला मजारी बघायच्या असतात, दुसऱ्याला बाजार, तिसऱ्याला फोटो, चौथा बायकोने आणलं म्हणून आलेला असतो. तिथे नाश्ता दहा मिनिटं उशिरा आला तरी ‘पैसे दिलेत आम्ही’ हे वाक्य बाहेर पडतं. त्यामुळे ठिकाणापेक्षा सोबत कोण आहे याला जास्त महत्त्व आहे. ओळखीची तीन-चार कुटुंबं एकत्र जात असतील तर आधी त्यांच्यासोबत दोन दिवस कुठेतरी जाऊन या.

त्यासाठी जागा जवळच आहेत. इंदापूर-सोलापूरमार्गे विजापूरला जाता येतं. बीदरला महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२ मधला. गवान इराणच्या गिलानचे, आणि मदरशाची बांधणी आणि भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा बघितल्या की समरकंदची आठवण निघतेच. खुलताबादजवळ कागजीपुरा आहे, हाताने कागद बनवणाऱ्या कागजी घराण्यांचं गाव. ही परंपरा चौदाव्या शतकात तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली त्या काळापर्यंत मागे नेतात. समरकंदजवळ कोनीगील गावात पाण्याच्या चाकावर तुतीच्या सालीचा कागद करून दाखवतात आणि त्यासाठी परदेशी पर्यटक तिकीट काढतात. आपण कागजीपुऱ्याला कधी थांबलो आहोत का? दोन दिवसांच्या या सहलीत कोण वेळेवर उठतं, कोण कारागिराशी बोलतं, कोण फक्त ‘जेवण कुठे’ विचारतं, ते कळून जातं. स्वतःबद्दलही कळतं.

पैसा आणि कागद

आधी एक गोष्ट जी आमच्या वाचकांना सांगायची गरज नसावी, पण सांगतो. अंगावर कर्ज असेल तर ते आधी. हज फर्ज झालेला असेल आणि केलेला नसेल तर तो आधी. व्याजाच्या पर्सनल लोनवर फिरायला जाणं तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

उसाचं बिल हप्त्यांनी येतं आणि टूर कंपनीही हप्ते मागते. दोन्हींच्या तारखा जुळतातच असं नाही. म्हणून पूर्ण रक्कम हातात असल्याशिवाय पहिला हप्ता भरू नका. मध्येच थांबलात तर भरलेले पैसे अडकतात.

जाहिरातीतला आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. त्यावर जीएसटी असतो. शिवाय परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस नावाचा कर कंपनी आगाऊ कापून तुमच्या पॅनवर जमा करते. त्याचे दर सरकार वेळोवेळी बदलत आलं आहे, बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्या. हा कर वळता होतो किंवा परत मिळतो, पण त्यासाठी आयकर रिटर्न भरावं लागतं. ज्यांचं उत्पन्न फक्त शेतीचं आहे आणि जे कधी रिटर्न भरत नाहीत, त्यांचे हे पैसे नुसते पडून राहतात. बारामतीतल्या कर सल्लागाराकडे एक फेरी मारली तर ते वाचतात.

पासपोर्ट ३६ पानांचा काढायला १,५०० रुपये शुल्क आहे, तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात १० टक्के सूट मिळते. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या काढता येतो, एका प्रवेशाचं शुल्क २० डॉलर आहे. कंपनीने ‘व्हिसा’ म्हणून किती लावलेत ते याच्याशी ताडून बघा.

आपल्या समाजात खरा अडथळा नावाचा असतो. आधारवर ‘शेख’, शाळेच्या दाखल्यावर ‘शेक’. आजीच्या कागदावर नुसतं एकच नाव, पुढे ‘बी’ कधी आहे कधी नाही. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश बंद केला आहे. म्हणजे टूरला जोडून दुबई करायची असेल तर हे आधीच सुधारून घ्यावं लागेल. नावं जुळवायला महिने जातात, म्हणून टूर ठरवायच्या आधी कागद जुळवा. शासकीय, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या नोकरदारांनी परदेश प्रवासाची पूर्वपरवानगीही वेळेत मागावी.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजीतल्या चिठ्ठीसह न्या. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर अनेक देशांत कडक निर्बंध आहेत. प्रवास विमा घेताना शुगर-बीपी लपवू नका. लपवलेला आजार निघाला की दावा नाकारला जातो.

प्रोग्राम हातात पेन घेऊन वाचा

हजसाठी सरकारकडे नोंदणी झालेल्या खासगी संयोजकांची यादी तरी बघता येते. साध्या परदेशी टूरसाठी तशी सक्ती नाही. पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेणं कंपनीच्या मर्जीवर आहे. म्हणून तपासणी आपल्यालाच करायची.

प्रोग्राममधल्या दोन शहरांमधलं अंतर समासात लिहा. ताश्कंद ते समरकंद सुमारे ३०० किलोमीटर, समरकंद ते बुखारा सुमारे २७०, बुखारा ते खिवा सुमारे ४५०. म्हणजे चार शहरं करायची तर एका दिशेने हजार किलोमीटर. बसने ते १५-१६ तास होतात. ताश्कंद-समरकंद वेगवान रेल्वे आहे, सव्वादोन तासांच्या आसपास पोचवते. ती पॅकेजमध्ये आहे का? मग शहरात प्रत्यक्ष उतरून किती तास मिळतात ते मोजा. जिथे ‘स्थानिक कुटुंबासोबत’ लिहिलंय तिथे विचारा: किती वेळ, किती माणसं एकदम, बोलायला दुभाषी कोण? चाळीस माणसं एका अंगणात तासभर बसली तर ते हॉटेलातलं जेवणच झालं, फक्त छप्पर वेगळं.

ग्रुपचा आकडा विचारा. चाळीस माणसं वाटेत एकदा थांबली आणि शौचालयं दोनच असतील, तर माणशी दोन मिनिटं धरली तरी चाळीस मिनिटं गेली. दिवसातून तीन वेळा थांबलात तर दोन तास. बारा-पंधरा जणांच्या ग्रुपचं पॅकेज महाग का असतं, याचं एक उत्तर यात आहे.

‘खरेदीसाठी वेळ’ किती ठिकाणी आहे तेही मोजा. रोज एका दुकानात तास जात असेल तर ती टूर दुकानदारांची आहे. व्हिसा नाकारला गेला किंवा घरात मौत झाली तर किती पैसे परत, हे लेखी घ्या. पैसे कंपनीच्या बँक खात्यात भरा. कोणाच्या वैयक्तिक नंबरवर नको, एजंट नात्यातला असला तरी नको. आणि मागच्या ग्रुपमध्ये जाऊन आलेल्या दोघांशी बोला. कंपनीने दिलेल्या नंबरांपलीकडचा एक तरी शोधा.

उत्तर ‘नाही’ आलं तर

एवढं सगळं तपासून ‘ही टूर आपल्यासाठी नाही’ असं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. ज्यांना आपल्या चवीचं जेवण, आपली भाषा आणि ठरलेला कार्यक्रम हवा आहे, त्यांनी तशीच टूर घ्यावी आणि मजेत जावं. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी बीदर-विजापूर सावकाश बघावं. ज्यांना फक्त जियारत करायची आहे त्यांनी जियारतच करावी, तिला संस्कृतीचं नाव द्यायची गरज नाही.

आणि उत्तर ‘हो’ आलं, तर निघायच्या आधीचा महिना वाया घालवू नका. दहा-वीस उझबेक शब्द पाठ करा, मुलांनाही सोबत बसवा. यजमानासाठी काहीतरी न्या. माळेगावच्या माणसाने गुळाची ढेप किंवा काकवी नेली तर ती तिथे ओळखीची नसेल, आणि ती कशापासून होते हे सांगता-सांगता अर्धा तास गप्पा होतील. काकवीची बाटली मात्र नीट बांधून चेक-इनच्या बॅगेत ठेवा. हातातल्या बॅगेत असली तर विमानतळावर काढून घेतील.